मुळशीची मूठ, एकवीस देशांचं माप

डॉक्टर : गुरुजी, एकवीस देशांतली दीड लाखाहून जास्त माणसं घेतली. त्यांत कॅनडा-स्वीडनसारखे श्रीमंत देश होते, चीन-ब्राझीलसारखे मधले होते आणि भारत, बांगलादेश, पाकिस्तान, झिंबाब्वेही होते. शहरं घेतली, खेडी घेतली. काय खाता, किती चालता, तंबाखू आहे का, शाळा किती झाली, चुलीत काय जाळता, सगळं विचारलं. रक्तदाब मोजला, मुठीची ताकद मोजली. मग वर्षानुवर्षं पाठपुरावा करून कोण आजारी पडलं आणि कोण गेलं याची नोंद ठेवली. या अभ्यासाचं नाव 'प्युअर'. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातले सलीम युसुफ त्याचे सूत्रधार. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये जे निकाल आले त्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताच्या दहांतल्या सात घटनांच्या मुळाशी बदलता येण्याजोगी कारणं निघाली. त्यांत एकट्या रक्तदाबाचा वाटा पाचव्या हिश्शाहून मोठा. सगळं नशिबावर सोडायचे दिवस गेले.

गुरुजी : 'बदलता येण्याजोगी' म्हणालात ना, तिथेच थांबू. आपला मुळशी तालुका बघा. ताम्हिणीच्या अंगाला पाऊस असा की भाताशिवाय खरिपाचं नाव नाही. जून-जुलैत माणूस गुडघाभर चिखलात वाकून आवण लावतोय. खाली पिरंगुटला आलात की कारखाने. तीन पाळ्या, आणि रात्रपाळी सुटली की गाडीवरचा वडापाव. अजून पुढे माण-हिंजवडी. दहा तास खुर्चीत, वर दोन तास गाडीत, तेही पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत. एकाच भावकीतले तीन चुलतभाऊ या तीन ठिकाणी सापडतील. त्यांतल्या कुणी आपली जीवनशैली दुकानात जाऊन निवडली? एकाचं शेत धरणाच्या वरच्या अंगाला राहिलं. दुसऱ्याची जमीन एमआयडीसीत गेली. तिसऱ्याच्या बापानं गुंठ्या-गुंठ्यानं विकली नि त्या पैशातून पोराला इंजिनिअर केलं. जमीन कुठे होती आणि कधी विकली, यावर माणसाचं चालणं-बसणं ठरलं. तुमच्या तक्त्यात त्याला सवय म्हणतात.

डॉक्टर : पण हे तीन चुलतभाऊ माझ्याच बाजूचे साक्षीदार आहेत! १९६५ च्या सुमारास नेमका असाच अभ्यास सुरू झाला होता. हिरोशिमा-नागासाकीत राहिलेले जपानी पुरुष, होनोलुलूत स्थायिक झालेले जपानी आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचे जपानी. रक्त एक, गावं तीन. हृदयविकार जपानात सगळ्यांत कमी, हवाईत मधला, कॅलिफोर्नियात सगळ्यांत जास्त. पक्षाघाताचं मात्र उलटं, तो जपानात जास्त, कारण तिकडच्या जेवणात मीठ भारी. म्हणजे आजार रक्तातून नुसता उतरत नाही, माणूस कुठे राहतो आणि काय खातो-पितो त्याप्रमाणे बदलतो. आणि तुमच्या बाजूचं आहे म्हणून लपवून ठेवत नाही, पुढचंही सांगते. १९७६ मध्ये मायकेल मार्मट आणि लेनर्ड साइम यांनी कॅलिफोर्नियातल्या जपान्यांकडे पुन्हा बारकाईनं पाहिलं. जे आपल्या लोकांत, आपल्या रीतीभातीत राहिले त्यांच्यात हृदयविकार जपानइतकाच कमी. जे पुरते अमेरिकी झाले त्यांच्यात तिपटीपासून पाचपटीपर्यंत. आणि हा फरक खाणं, सिगारेट, रक्तदाब यांचा हिशेब घालूनही उरला.

गुरुजी : मग झालंच की. गावकी-भावकीला तुमच्या यादीत रकाना कुठे आहे? मयताला, जत्रेला, आवणाला हाकेसरशी माणसं गोळा होणं, हे कोणत्या यंत्रानं मोजणार?

(गुरुजींनी भावकीचं कौतुक केलं असलं तरी मुळशीतल्या निम्म्या भावक्या बांधावरून नाहीतर सातबाऱ्यावरून कोर्टात भेटतात, हे त्यांनाही ठाऊक आहे. जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून तर जास्तच.)

डॉक्टर : मोजता येतं, अवघड आहे इतकंच. पण जे सोपं आहे ते तरी मान्य करा. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. पगार जवळपास सारखा, वस्ती सारखी. फरक एवढाच की चालक दिवसभर बसून आणि वाहक दिवसाला शेकडो पायऱ्या चढून-उतरून तिकिटं फाडणारा. हृदयविकार चालकांत जास्त निघाला. हालचालीचा इतका स्वच्छ पुरावा आधी कुणी दिला नव्हता.

गुरुजी : त्याच मॉरिस यांनी तीन वर्षांनी काय छापलं तेही सांगा. बसकंपनीच्या शिंप्यांची दप्तरं काढून गणवेशाची मापं पाहिली, तर चालकांच्या विजारी कंबरेला आधीपासूनच मोठ्या! म्हणजे जाड माणूस चालक झाला की चालक झाला म्हणून जाड झाला, हा प्रश्न उरलाच. स्वतःच्या निष्कर्षाला स्वतःच टाचणी लावणारा तो माणूस मला आवडतो. तुमच्या मुठीच्या आकड्याचंही असंच काहीतरी असणार.

डॉक्टर : मुठीचा आकडा तर तुमच्या तालुक्यासाठीच काढल्यासारखा आहे. २०१५ साली 'प्युअर'नंच सतरा देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या हातात दाबयंत्र दिलं आणि सगळा जोर लावून आवळायला सांगितलं. जोर पाच किलोनं कमी भरला की पुढच्या काही वर्षांत मरण्याचा धोका १६ टक्क्यांनी जास्त. रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षा या मुठीनं मृत्यूचं भाकीत अधिक नेमकं केलं. कुस्तीला वाहिलेल्या मामासाहेब मोहोळांच्या तालुक्याला याचं नवल वाटायचं कारण नाही. इथे गावोगाव तालमी होत्या, लाल मातीत घुमलेला माणूस साठीतही नारळ हातानं फोडायचा.

गुरुजी : आणि तालीम सुटल्यावर? खुराक सुटत नाही, डॉक्टर. मेहनत बंद, दूध-तूप-मटण चालू. असे वस्ताद पन्नाशीत मधुमेहानं बेजार झालेले मी पाहिलेत. ते बाजूला ठेवू. मला सांगा, मूठ घट्ट असल्यामुळे माणूस जगतो, की आतून धडधाकट आहे म्हणून मूठ घट्ट राहते? शरीरात काही बिघडायला लागलं की सगळ्यांत आधी हाताचा जोर जातो, हे आमच्या आजीलाही कळायचं. तसं असेल तर लोकांना स्प्रिंग आवळायला लावून कुणाचं आयुष्य वाढणार?

डॉक्टर : मान्य. मूठ ही खूण आहे, औषध म्हणून मी ती सांगत नाही. पण हालचालीचं तसं नाही. २०१७ मध्ये त्याच सतरा देशांत दिसलं की आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम श्रम करणाऱ्यांत मृत्यू २८ टक्क्यांनी कमी. आणि इथे तुमच्या कामाची गोष्ट आहे : हे श्रम जिममध्येच व्हायला हवेत असं नाही. कामावर जाताना चालणं, घरकाम, शेतकाम, सगळं धरलं जातं. चिखलणी करणाऱ्याला वेगळं पळायला जायची गरज नाही. आणि तंबाखूबद्दल तर वादच नको. २००८ मध्ये प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या लाखो घरांतल्या मृत्यूंचा अभ्यास छापला. विडी ओढणारा पुरुष सरासरीनं सहा वर्षं आधी जातो, विडी ओढणारी बाई आठ वर्षं, सिगारेट ओढणारा पुरुष दहा वर्षं. ब्रिटनमध्ये पन्नास वर्षं डॉक्टरांवर लक्ष ठेवून रिचर्ड डॉल यांनी काढलेला आकडाही दहा वर्षांचाच होता. दोन देश, दोन समाज, उत्तर तेच.

गुरुजी : तंबाखू तुमची. तिथे मी हात वर करतो. फक्त तुमचा रकाना तपासा. आपल्या महाराष्ट्रात धूर काढणारे थोडे आणि तोंडात ठेवणारे भरमसाट. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले चारेक टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे जवळपास चौथा हिस्सा. परदेशातला कुणी 'धूम्रपान' एवढाच रकाना बघून म्हणेल, वा, मराठी माणूस किती शहाणा! आणि इकडे माझ्या गावातली बाई पहाटे उठून तव्यावर तंबाखू जाळते, चुरते, नि मशेरी लावून तासभर त्या तारेत भाकऱ्या थापते. पाणी भरायचं, शेण काढायचं, डबा करायचा, मग दुसऱ्याच्या शेतात आवणाला जायचं. मशेरीनं भूक मरते आणि डोळा उघडतो. तिला तुम्ही 'सवय सोडा' म्हणून पत्रक देणार. देणारा माणूस गाडीतून येणार, गाडीतून जाणार.

इथे डॉक्टर जरा गप्प झाल्या. पण गुरुजी थांबायला तयार नव्हते.

गुरुजी : आणि मोजणीबद्दल म्हणाल तर मी चाळीस वर्षं शाळेचं दाखल-खारिज रजिस्टर भरलं आहे. सत्तरीच्या पुढच्या माणसांची जन्मतारीख बघा. एक जून, एक जून, एक जून! आई म्हणायची, 'मोठ्या पावसात झाला.' मास्तर पोराचा हात डोक्यावरून कानाला लागतो का बघायचा नि शाळा उघडण्याच्या बेतानं तारीख टाकायचा. ही वयं घेऊन तुम्ही आयुर्मान काढता. मरणाचंही तसंच. देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचव्या हिश्शाचं कारण डॉक्टर लिहून देतो. बाकीच्यांचं काय? 'छातीत कळ आली', 'वय झालं होतं', 'धाप लागायची'. जपानसारख्या टापटिपीच्या देशात २०१० मध्ये कागदावर जिवंत असलेले दोन लाखांहून जास्त शतायुषी प्रत्यक्षात सापडेनात. मग ज्या बेटांवर म्हणे शंभरी गाठणारी माणसं झाडाला लागतात, तिथलं रहस्य रताळ्यात आहे की दप्तरात?

डॉक्टर : शंभरीच्या बेटांबद्दल मीही सावध असते. ओकिनावाचंच बघा. तिथले पुरुष जपानच्या सत्तेचाळीस प्रांतांत आयुर्मानात अगदी वर असायचे, २००० साली एकदम सव्विसाव्या क्रमांकावर आले. अमेरिकी लष्करी तळ, मोटारी, तळलेलं मांस, एका पिढीत चित्र पालटलं. दप्तर चुकीचं असेल तर ते अशी घसरण दाखवेल का, हा माझाही प्रश्न आहे. आणि सगळीच मोजणी एक जूनवर चालत नाही. आपल्याच जिल्ह्यात, पुण्याच्या पलीकडच्या अंगाला वढू बुद्रुकला केईएम रुग्णालयाचं केंद्र २००२ पासून बावीस गावांतला प्रत्येक जन्म-मृत्यू घरोघर जाऊन नोंदवतं. कोणी गेलं की माणूस दारात बसून विचारतो : ताप होता का, कळ कुठे आली, किती तास तग धरला. त्या उत्तरांवरून दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता कारण ठरवतात. यात चूक होते. पण वयाची चूक विडी ओढणाऱ्याच्या नि न ओढणाऱ्याच्या दोघांच्याही रजिस्टरात सारखीच असते. तुलना त्यानं मोडत नाही.

हा शेवटचा मुद्दा पक्का आहे आणि गुरुजींनी तो मनातल्या मनात मान्य केला असावा, कारण त्यांनी लगेच वाट बदलली.

गुरुजी : बरं, मोजणी खरी धरू. पण एका देशातलं माप दुसऱ्याला लागतं का? आमचं सगळं भातावर चालतं. सकाळी भात, रात्री भात, सणाला आंबेमोहोर. मुळशीच्या आंबेमोहोराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आम्ही पेढे वाटले. आता म्हणतात भात वाईट.

डॉक्टर : इथे मी तुमच्यापेक्षाही पुढे जाईन. 'प्युअर'नं २०२० साली भाताचा हिशेब छापला. एकवीस देश, १ लाख ३० हजारांवर माणसं. दिवसाला साडेचारशे ग्रॅमपेक्षा जास्त शिजलेला पांढरा भात खाणारे आणि दीडशेपेक्षा कमी खाणारे, यांत मधुमेह कुणाला होतो ते पाहिलं. दक्षिण आशियात जास्त भात खाणाऱ्यांना धोका ६१ टक्क्यांनी जास्त. चीनमध्ये? जवळपास फरकच नाही. तोच तांदूळ, तीच वाटी, आणि शरीर मात्र वेगवेगळा हिशेब लावतं. का, याचं एक उत्तर पुण्यातच सापडलं. केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो जगभर गाजला. त्यात ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक अगदी एक, २२.३. वरून दोघंही सडसडीत. यंत्रात घातल्यावर युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. दुपटीहून जास्त! त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. इथलं बाळ जन्मतः इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळापेक्षा पाऊण किलोच्या आसपास हलकं, हातपाय काडीसारखे, पोट बारीक. पण पाठीवरची चरबी चिमटीत धरून मोजली तर ती मात्र जवळपास तितकीच. स्नायू कमी, चरबी शाबूत. हे बाळ मोठं होऊन शहरात खुर्चीवर बसलं की मधुमेह त्याला लवकर गाठतो. म्हणून भारतीयांसाठी वजनाची लक्ष्मणरेषाच अलीकडे ओढली आहे. पंचविसाऐवजी तेवीसला सावध व्हा.

गुरुजी : म्हणजे पोर पहिला घास खाण्याआधीच हिशेबाला सुरुवात झाली होती. त्याच सहा गावांत आणखी एक गोष्ट निघाली होती ना? गरोदरपणी शेतात आणि घरात जास्त राबणाऱ्या बायकांची बाळं आणखी लहान निघाली. आता मला उत्तर द्या. मघाशी तुम्ही म्हणालात, आवणाचे श्रम धरले जातात, वेगळं पळायची गरज नाही. तेच वाकणं, तेच ओझं उचलणं सातव्या महिन्यातल्या बाईच्या वाट्याला आलं की तेच श्रम बाळाच्या वजनातून वजा होतात. तुमच्या तक्त्यात आईच्या नावावर पुण्य, आणि पन्नास वर्षांनी मुलाच्या नावावर मधुमेह. आणि तो मुलगा हिंजवडीत डॉक्टरसमोर बसला की त्याला ऐकवतात, 'तुमची जीवनशैली बदला.'

डॉक्टर : त्याच अभ्यासात हेही दिसलं की हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध ज्या बायकांच्या पोटात वरचेवर गेलं त्यांची बाळं भरदार होती. महाग औषध नव्हे, मेथी-चवळाईची जुडी. आणि मी उलटं म्हणेन, गुरुजी. ज्याला जन्मतःच कमी भांडवल मिळालं त्यानं उधळपट्टी कमीच करायला हवी. युडकिन साहेबांनी रोज दोन वाट्या भात जास्त खाल्ला तर त्यांचं निभेल, तुमच्या भाच्याचं निभणार नाही. हे अन्यायाचं आहे, पण खरं आहे. बावन्न देशांतल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतरांना ५९ व्या. सहा वर्षं म्हणजे मुलीचं लग्न आणि घराचे हप्ते.

गुरुजी : झटका आधी येतो, ठीक. झटका आल्यावर काय होतं ते मी सांगतो, तुमच्याच 'प्युअर'मधून. २०१४ चा निबंध. धोक्याच्या सवयींचा गुणांक काढला तर श्रीमंत देशांतली माणसं सगळ्यांत वाईट, गरीब देशांतली सगळ्यांत चांगली. वजन कमी, चालणं जास्त. आणि मरतंय कोण? झटका किंवा पक्षाघात झालेल्या शंभरांतले श्रीमंत देशांत सहा-सात जण दगावले, गरीब देशांत सतरा. चांगल्या सवयीवाले जास्त मेले! कारण उघड आहे. माले-ताम्हिणीकडच्या वाडीवर रात्री दोन वाजता छातीत कळ आली की आधी गाडी शोधायची, मग घाट उतरायचा, मग चांदणी चौक. २०१४ पासून १०८ ची गाडी आली, तिनं पुष्कळांना वाचवलं, मी नाकारत नाही. पण रस्ता तोच आहे. घाटाच्या पलीकडे महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी काय केलं? लाल विंचू चावून गंभीर झालेल्यांतले शंभरात तीस-चाळीस जायचे. प्राझोसिन, एक साधी रक्तदाबाची गोळी, वेळेवर द्यायला लागल्यावर तो आकडा एकाच्या आसपास आला. विंचवाच्या सवयी बदलल्या नाहीत, शेतकऱ्याच्याही नाहीत. अनवाणी माणूस भाताच्या पेंढ्यात हात घालतच राहिला. फक्त गोळी आणि ती कधी द्यायची हे जाणणारा माणूस जवळ होता.

डॉक्टर : बावस्कर सरांचं उदाहरण घेतलंत, छान. मग फिनलंडचंही घ्या. उत्तर कारेलिया हा तिथला लाकूडतोड्यांचा, गवळ्यांचा प्रांत. तिथले पुरुष चाळिशी-पन्नाशीत हृदयविकारानं पटापट जात होते. १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तिशीच्या आतल्या डॉक्टरनं काम हाती घेतलं. लोणी कमी, मीठ कमी, सिगारेट कमी, रक्तदाबाची तपासणी गावोगाव. पस्तीस वर्षांत कामकऱ्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकारानं होणारे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून जास्त घटले. तिथे नुसती गोळी पुरली नसती.

गुरुजी : नुसतं व्याख्यानही पुरलं नसतं. त्या प्रांतातल्या लोकांनी आधी स्वतः सरकारकडे अर्ज केला होता, काहीतरी करा म्हणून. मग दुग्धसंघाला कमी चरबीचं दूध काढायला लावलं, सॉसेज करणाऱ्यांना मीठ आणि चरबी कमी करायला लावलं, गवळ्यांना बेरीच्या लागवडीकडे वळवलं. बाजार बदलला, तेव्हा ताट बदललं. आमच्याकडे काय झालं? ग्रामपंचायतीनं ओपन जिम बसवली. हिरव्या-पिवळ्या रंगाच्या त्या लोखंडी यंत्रांवर पहिल्या पावसाळ्यात गंज चढला, आता त्यावर गोधड्या वाळतात. आणि तिला लागूनच टपरी, टपरीत २०१२ पासून बंदी असलेली गुटख्याची पुडी. बंदी कागदावर, पुडी खिशात. १९२१ ला याच तालुक्यातली माणसं सेनापती बापटांबरोबर मुळशी धरणाविरुद्ध उभी राहिली होती. पुडीविरुद्ध कोण उभं राहतंय?

डॉक्टर : मग आपण दोघं एकाच गोष्टीची मागणी का करत नाही? देशात रक्तदाब वाढलेल्यांपैकी जेमतेम बारा टक्क्यांचा रक्तदाब आटोक्यात आहे असं सरकारच सांगतं. शेजारच्या साताऱ्यात, सिंधुदुर्गात, भंडाऱ्यात, वर्ध्यात काही वर्षांपूर्वी एक साधी पद्धत सुरू झाली. ठरलेल्या दोन-तीन गोळ्या, महिनाभराचा साठा एकदम हातात, प्रत्येकाचं कार्ड, आणि न आलेल्याला फोन. यात तुमची गोळीही आली आणि माझी मोजणीही.

गुरुजी : मागणीला मी आहे. पण मागणीच्या पत्रकावर काय लिहाल? 'आपल्या सवयींमुळे मृत्यू' असं लिहिलंत तर मी सही करणार नाही. तुमच्याच २०१९ च्या निबंधात मृत्यूचं सगळ्यांत मोठं एकटं कारण कुठलं निघालं? कमी शिक्षण. आठ-दहा टक्के नव्हे, साडेबारा. तंबाखू, जेवण, रक्तदाब सगळ्यांच्या वर, न शिकलेली शाळा. त्याला सवय म्हणायचं का?

डॉक्टर : आणि त्याच निबंधात तंबाखू, दारू, जेवण, आळस या वागणुकीच्या कारणांची मोळी बांधली तर तिचा वाटा २६ टक्के, शिक्षणाच्या दुपटीहून जास्त. ते पत्रकावरून गाळलंत तर मी सही करणार नाही. ज्या बाईला शाळा मिळाली नाही तिला आज, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, मी शाळा देऊ शकत नाही. मशेरी सोडायला मदत करू शकते.

पत्रकाचा मजकूर काही ठरला नाही. डॉक्टरांचं म्हणणं, माणसाच्या हातात जे आहे त्यापासून सुरुवात केली नाही तर आपण त्याला नुसतीच कणव देतो. गुरुजींचं म्हणणं, हातात काय आहे हे ठरवणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याच गावचा असतो. दोघांच्या बाजूला तोच अभ्यास, तेच पान. जी सवय स्टॉकहोममध्ये सहज सोडता येते आणि पचवताही येते, ती मुळशीच्या वाडीवर सोडायला महाग आणि ठेवायला त्याहून महाग आहे, एवढं मात्र दोघांनाही नाकारता आलं नाही. ही किंमत माणसानं भरायची, ग्रामपंचायतीनं, की पुडी विकणाऱ्यानं, यावर ते अजून भांडतात.

तोपर्यंत वाचकांनी एवढं करावं. तिशी उलटली असेल तर पौडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य उपकेंद्रात जाऊन रक्तदाब मोजून घ्यावा. पैसे पडत नाहीत. आणि जाताना घरातल्या मशेरी लावणाऱ्या बाईलाही बरोबर न्यावं, कारण ती आपणहून जाणार नाही, तिच्या मागे काम आहे.